मुजावर, मीटर रीडर

वास्कोत पाण्याचे मीटर वाचतो, बावीस वर्षं,
बायण्यापासून मांगोरपर्यंत.
काचेवरचं शेवाळ अंगठ्यानं पुसायचं,
आकडा टिपायचा. दारावरची पाटी आपोआप टिपली जाते.
फुर्ताद, शेट्ये, बांदेकर, बेटगेरी,
एक नदाफ, दोन अत्तार,
आणि बायण्याला, होड्या ओढून ठेवतात त्यामागे,
एक मुजावर. हुबळीचे. नातं काही नाही.
तरी त्यांनी विचारलंच, तुम्ही कुठल्या पिराचे?
जसं कुणी विचारावं, कुठल्या गाडीनं आलात.

मी म्हटलं, आमचा पीर पाण्यात आहे.

त्यांना वाटलं, हा काहीतरी अभद्र बोलला.
पण सांग्याकडे साळावलीचं धरण झालं
तेव्हा आजोबांनी, मीरासाबांनी,
हिरवी चादर घडी करून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली,
मोरचेल, धूपदान, वात कापायची कात्री.
कबर ट्रंकेत मावत नव्हती.
सरकारी माणसानं यादीत लिहिलं:
नारळ अकरा, घर एक, विहीर अर्धी.
अर्धी, कारण दुसरी अर्धी गावकरांची.
पीर कुठल्याच रकान्यात बसेना.

शाळेत पोरं म्हणायची, मुजावर म्हणजे झाडूवाला,
नारळाची भकलं वाटणारा.
मी भांडायचो नाही. आजोबा झाडायचेच.
मला वाटायचं, आडनाव म्हणजे धंदा,
सुतार, कुंभार, तसं मुजावर.
धंदा बुडाला, नाव तरंगलं.

तरंगत कुठं कुठं गेलं!
पोर्तुगीज कागदावर आजोबा मुझावोर,
रेशनकार्डावर मी मुजावर, माझा भाऊ पासपोर्टवर मुजवार,
आणि शारजात त्याच्या लोखंडी कपाटावर
कुणीतरी अरबीत लिहिलेलं काहीतरी,
जे त्याला वाचता येत नाही.
चुलते मिरजेला. त्यांची पोरं पिंपरीत, कारखान्यात.
बेळगावच्या मतदारयादीत तर पानंच्या पानं.
एवढे पीर कुठून आले असतील?

मागच्या महिन्यात मांगोरला
इश्तेव फुर्ताद यांची तक्रार: पाणी नसलं तरी मीटर फिरतो.
हवा असते नळात, मी सांगितलं. हवेचेही पैसे, ते म्हणाले.
तीस वर्षं कुवेतला, तेलाच्या कंपनीत, स्टोअरवर.
माझ्या गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी जवळ ओढलं,
चष्मा कपाळावर सारून वाचलं,
आणि आमच्या घरात कुणी कधी म्हटलं नाही
तसं म्हटलं: मुजाविर.
"आरे, शेजारी मरे तूं!
जार म्हणजे शेजारी. मुजाविर,
जो बाजूला जाऊन राहिला आणि उठला नाही."

कुणाचा शेजारी, मी विचारलं.
"तें तूंच जाणा."
मग बराच वेळ ते कुण्या अबू फैसलबद्दल बोलत राहिले,
भिंतीपलीकडचा, रमजानात रोज
झाकलेली ताटली पाठवायचा,
आणि लढाईनंतर ते परत गेले तर
पलीकडे दार नव्हतं. चौकट होती.
ताटली अजून यांच्याकडेच.

जाताना मला ग्लासभर पाणी दिलं.
साळावलीचंच. वास्कोत दुसरं येतं कुठून?
रोज त्याचे आकडे लिहितो मी.
त्या दिवशी पहिल्यांदा
ग्लास तोंडाला लावायच्या आधी थांबलो.
मीटर बाहेर एक घर पुढं सरकला असेल.

मे संपता संपता धरण उतरतं.
मी ट्रंकेतली कात्री खिशात घालून जातो. वात नसते,
पण मोकळ्या हातानं कसं जायचं.
चिखल वाळून भेगाळलेला, चौथऱ्याचा एक कोपरा वर,
शंख-शिंपल्यांचा चुरा. झाडतो थोडंसं, चपलेनं.
विहिरीच्या कठड्यावर गावकरांचा पुंडलिक
माझ्याआधीच येऊन बसलेला असतो,
त्याच्या अर्ध्यावर.
मी माझ्या.